लेबर रूममध्ये कोण थांबणार? ऐरोलीतल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पहिलटकरीण, वय २९, बत्तिसावा आठवडा. रक्तदाब ठीक, साखर ठीक, बाळाचं डोकं खाली. राहायला ऐरोलीत, नोकरी तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या हिशेबखात्यात. नवरा महापे एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यात शिफ्ट ड्युटीला. नाव घातलेलं ठाणे पश्चिमेच्या एका खासगी प्रसूतिगृहात, तारीख जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली. माझ्या प्रसूतिपूर्व वर्गाच्या फॉर्मवर ‘बाळंतपणाच्या वेळी सोबत कोण?’ असा एक रकाना आहे. तिथे तिने लिहिलं होतं, ‘सगळे’.

(कुटुंबाची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

‘सगळे’ असं लिहिलेलं दिसलं की मी त्या जोडप्याला वर्ग संपल्यावर थांबवून घेते. अशा घरात दवाखान्याच्या पॅसेजमध्ये सहाजण असतात, दोन थर्मास असतात, आणि आत टेबलावर बाई एकटी असते. कोण आत जाणार हे ठरलेलं नसतं, आणि आत जाऊन करायचं काय हे तर कुणाच्या मनातही आलेलं नसतं.

तिच्या ‘सगळ्यां’त कोण कोण होतं? आई, साताऱ्याकडच्या गावातून यायच्या तयारीत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचा त्यांच्याकडे रिवाज; पण गावापासून सिझरची सोय असलेला दवाखाना लांब, शिवाय नवऱ्याला तिकडे जाऊन बसणं जमणारं नव्हतं. म्हणून माहेरच ऐरोलीला येणार होतं. सासूबाई घरातच, गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, पण घरातला शब्द त्यांचा. नवरा. आणि थोरली जाऊ, वय ३८, दोन गल्ल्या सोडून वेगळं बिऱ्हाड, पोळी-भाजी केंद्र चालवणारी. पुण्याची नणंद आणि ऑफिसातली एक मैत्रीणही यादीत होती. त्या दोघी पहिल्याच बैठकीत गळाल्या.

सोबतीने काय फरक पडतो हे बरंच तपासून झालं आहे. जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात २६ अभ्यासांमधल्या १५ हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र पाहिली गेली. ज्यांच्याजवळ कुणीतरी सतत थांबलं होतं त्यांच्यात आपोआप होणाऱ्या प्रसूती जास्त, सिझर कमी, कळांचा काळ सरासरी चाळीसेक मिनिटांनी कमी, आणि बाळंतपणाची कडवट आठवण राहिल्याचं प्रमाणही कमी. यातली मेख सतत थांबण्यात आहे; दर तासाला डोकावून ‘झालं का?’ विचारणारं माणूस यात धरलेलं नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत पूर्ण वेळ मिळावी अशी शिफारस केली. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तर त्याआधीच, फेब्रुवारी २०१६ मध्ये, सरकारी दवाखान्यांत सोबतीण ठेवायला मुभा दिली होती. अटीही घातल्या: ती स्वतः बाळंतपणातून गेलेली नात्यातली बाई असावी, संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, पूर्ण वेळ थांबायची तयारी हवी, कर्मचाऱ्यांच्या कामात आणि दुसऱ्या बाळंतिणींमध्ये लुडबूड करू नये. जिथे आडोसा नीट पाळला जातो तिथे नवऱ्यालाही आत घेता येतं. सरकारी लेबर रूमचा दर्जा सुधारण्यासाठी डिसेंबर २०१७ पासून सुरू असलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सन्मानाने वागवण्याच्या मुद्द्यात ही सोबत येते. म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात नाव घातलं असलं तरी हा प्रश्न बिनदिक्कत विचारावा.

खासगीत मात्र ज्याचं घर त्याचा नियम. या जोडप्याला डॉक्टरांनी ओपीडीत ‘हो हो, मिस्टर थांबू शकतात’ असं सांगितलं होतं. मी त्यांना पुन्हा पाठवलं, या वेळी लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरकडे. आतला कारभार तिच्या हातात असतो आणि रात्री डॉक्टर घरी असतात. तिथून निघालेली माहिती अशी: लेबर रूममध्ये दोन टेबलं, मध्ये पडदा. एका वेळी एकच माणूस. शेजारच्या टेबलावर दुसरी बाई असेल तर पुरुष आत नाही. माणसं बदलायला हरकत नाही, पण सारखी ये-जा नको. ऑपरेशन थिएटरमध्ये कुणीही नाही. आणि रात्रपाळीच्या सिस्टर नवीन असतील तर त्यांना हे ठाऊक असेलच असं नाही, म्हणून फाइलवर डॉक्टरांकडून लिहून घ्या.

या एका भेटीने प्रश्नच बदलला. नवरा आत असेल की नाही हे त्या दिवशी शेजारच्या टेबलावर ठरणार होतं. म्हणजे कधीही आत जाऊ शकेल अशी एक बाई हवीच.

ती बाई आईच, असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलेलं. तिनेही. मी तिला विचारलं, मागच्या वर्षी डेंग्यू झाला तेव्हा आई आली होती ना, कसे गेले ते दिवस? ती हसली. म्हणाली, प्लेटलेट्सचा रिपोर्ट आला की आधी आईचा बीपी मोजायला लागायचा. माझं दुखलं तरी मी सांगायचे नाही, ती रडायला लागायची. बोलता बोलता तीच थांबली. कळांमध्ये आई समोर असेल तर ती कण्हणार नाही, आईला सांभाळत बसेल, हे मला सांगावं लागलं नाही.

सोबतीच्या निवडीत मी जवळीक फार मोजत नाही. दुसऱ्याचं दुखणं बघून जे माणूस स्वतः दुखणेकरी होत नाही, ते चांगलं. शिवाय ज्याच्यासमोर बाईला ओरडायची, उलटी करायची, ‘हात लावू नका’ म्हणून खेकसायची लाज वाटणार नाही. माया आणि हे दोन गुण एकाच ठिकाणी असतील तर उत्तमच, पण तसं असेलच असं काही नाही.

जावेचं नाव नवऱ्याने काढलं. वहिनीचं एक बाळंतपण नॉर्मल, दुसरं सिझर, म्हणजे दोन्ही बाजू पाहिलेल्या. सकाळी सातला चार शेगड्या पेटलेल्या असताना, डबे घ्यायला माणसं दारात उभी असताना तिचा आवाज कधी चढत नाही, असं तो म्हणाला. बायकोचा चेहरा मात्र उतरला. जावा-जावांत भांडण नव्हतं, पण मोकळेपणाही नव्हता. तिची अडचण तिने नंतर एकटीने सांगितली: तिच्यासमोर कपडे काढून पडायचं, आणि मग दिवाळीला तिच्या शेजारी बसून करंज्या लाटायच्या! हा संकोच मी हसण्यावारी नेला नाही. जाऊ कायम डोक्याच्या बाजूला उभी राहील, तपासणीच्या वेळी पाठ करेल, आणि आत जे होईल त्यातलं अक्षरही घरात सांगणार नाही, या तीन गोष्टी जावेशी समोरासमोर बोलून घ्यायच्या असं ठरलं. जाऊ बैठकीला आली ती पीठ लागलेल्या हातांनीच, रिक्षातून. सगळं ऐकून म्हणाली, “अगं, मला कुठे तिकडे बघायचंय? माझ्या दोन्ही वेळेला मला फक्त कुणीतरी पाठ दाबून हवी होती.” तिथेच निवड झाली.

आता आईला कसं सांगायचं? या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग हाच होता. नवऱ्याने सांगितलं असतं तर सासरच्यांनी आईला बाजूला काढलं असा अर्थ निघाला असता, म्हणून लेकीनेच सांगायचं. तेही आई ऐरोलीला येऊन चार दिवस रुळल्यावर, फोनवर नाही. आई आधी गप्प झाली, मग रागावली: “मी परकी आणि जाऊ सख्खी?” पुढच्या बैठकीला लेक तिला घेऊन आली. बोलता बोलता आईने स्वतःचं पहिलं बाळंतपण सांगितलं, तालुक्याच्या दवाखान्यातलं. रात्रभर एकटी, ओरडली म्हणून आयाने मांडीवर चापट मारलेली. हे तिने लेकीला कधी सांगितलं नव्हतं. असं वागवणं तेव्हा सर्रास होतं, आणि ते पुरतं गेलंय असं आजही म्हणता येत नाही. बाळंतिणीच्या ज्या आई लेबर रूममध्ये जायचा फार हट्ट धरतात, त्यांतल्या पुष्कळ जणींना आत लेकीसोबत स्वतःचीही राखण करायची असते, असा माझा अनुभव आहे. तिला मी काही समजावायला गेले नाही. लेक म्हणाली, “आई, तू असलीस की मी रडणार नाही, आणि मला रडायचंय.” आईने पदराने नाक पुसलं आणि माझं काम काय ते सांगा म्हणाली.

काम होतंच, आणि मनधरणीपुरतं काढलेलं नव्हतं. जन्मानंतर पहिल्या तासात बाळ अंगावर घ्यायचं, छातीला लावायचं. त्या वेळी बाळंतीण थकलेली असते, टाके घातले जात असतात, सिझर असेल तर ती थिएटरमधून बाहेर यायला वेळ लागतो आणि बाळ आधी नातेवाइकांच्या हातात येतं. त्या माणसाला बाळ गुंडाळून ऊबेत कसं धरायचं हे माहीत हवं. मध, गूळपाणी, घुट्टी काहीही चाटवायचं नाही हेही पक्कं हवं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझमसारखी गंभीर विषबाधा होऊ शकते. ही जागा आईची. पण सासूबाईंना मधाचं बोट लावायची हौस होती, आणि विहिणीने विहिणीला अडवायचं म्हणजे पुढची दहा वर्षं ऐकून घ्यायचं. ते त्यांच्या मुलाने आधीच, घरी, शांतपणे सांगायचं असं ठरलं. सासूबाईंकडे घर आणि फोन. नातेवाइकांपैकी कुणीही दवाखान्यातल्या माणसांना फोन करणार नाही, सगळी चौकशी सासूबाईंकडे. हे काम त्यांना मनापासून आवडलं.

तयारीच्या बैठकांत सगळं काही शिकवत बसता येत नाही आणि बसूही नये. सोबत्याला डॉक्टर करायचं नसतं. कळा सुरू झाल्या म्हणजे बाळ आलं असं नाही, पहिलटकरणीला गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतच बराच वेळ जाऊ शकतो, एवढं कळलं तरी निम्मी धावपळ वाचते. मग हाताची कामं: घोट घोट पाणी, दर दोन तासांनी लघवीची आठवण, चालवणं, कुशीवर वळवणं, खुर्चीवर उलटं बसवणं, कळ आली की श्वास लांब सोडायला आपण सोबत सोडून दाखवणं. आणि पाठ. नवरा सुरुवातीला सासऱ्यांचे पाय चेपावेत तसा हळुवार चेपत होता. मी त्याचा तळहात तिच्या माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर ठेवला, कोपर ताठ करायला सांगितलं आणि अंगाचं वजन टाकायला लावलं. तो घाबरून मागे सरला. ती म्हणाली, “अजून जोरात.” जाऊ शेजारी उभी होती, तिने आपला हात पुढे केला आणि कणकेच्या गोळ्यावर टाकावा तसा भार टाकला. “हां, असं!” दोघांनी मग सोफ्याच्या पाठीवर सराव केला.

बोलायचं काय, हेही ठरवलं. ‘सहन कर, बाईच्या जातीला चुकत नाही’ हे बंद. ‘किती उघडलं?’ हे दर तपासणीला विचारणं बंद. ‘ही कळ गेली’, ‘आता सैल सोड’, ‘मी इथेच आहे’ एवढं पुरतं, आणि पुष्कळदा तेही नको असतं. कुठलीही प्रक्रिया सुचवली तर तिच्या वतीने विचारायचे प्रश्न दोनच: हे आत्ताच करायला हवं का, आणि थोडं थांबलं तर काय होईल? उत्तर ऐकून होकार तिने द्यायचा. वाद घालणारा सोबती सिस्टरला नकोसा होतो, आणि मग त्याचा त्रास बाईला.

नवऱ्याचा प्रश्न वेगळाच निघाला. रसायन कारखान्यात प्लांटच्या भागात मोबाइल नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. तेव्हा ‘फोन कर, मी निघतो’ या वाक्याला काही अर्थ नव्हता. कंट्रोल रूमचा लँडलाइन नंबर, तिन्ही शिफ्ट इन्चार्जची नावं, आणि निरोप काय द्यायचा त्याचं एक वाक्य, असा कागद फ्रिजवर लागला. खासगी नोकरीत बाप होणाऱ्याला रजा देण्याची कायद्याने सक्ती नाही (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात), म्हणून त्याने साठवलेली रजा जन्मानंतरच्या आठवड्यासाठी राखून ठेवली. रस्त्याचंही बघितलं. ऐरोलीहून ठाण्याला विटावा-कळव्यामार्गे जवळ पडतं, पण मोठ्या पावसात विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाणी तुंबतं. तेव्हा पाऊस असेल तर ऐरोली पुलावरून मुलुंडला आणि तिथून हायवेने. कधी निघायचं? कळा पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, तासभर तशाच येत राहिल्या तर. रक्त गेलं, अंगावरून जाणारं पाणी हिरवट दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर काहीही मोजत न बसता लगेच.

प्रत्यक्षात कळा पहाटे तीनला सुरू झाल्या, लांब लांब. नवऱ्याची पहिली पाळी होती. तिने त्याला जायला सांगितलं, आणि तो गेला. सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. दहाच्या सुमारास पाणी गेलं, स्वच्छ होतं. जावेने भाजीचा गॅस बंद करून केंद्र मदतनीस बाईवर टाकलं. कंट्रोल रूमला फोन गेला. बाहेर धो धो पाऊस. ओलाची टॅक्सी मिळेना, शेवटी सोसायटीतल्या एकाच्या गाडीतून तिघी ऐरोली पुलावरून निघाल्या. साडेअकराला दाखल झाली, तपासणीत तीन सेंटिमीटर. शेजारचं टेबल भरलेलं. नवरा तासाभराने भिजून पोचला आणि ठरल्याप्रमाणे बाहेर त्याच्या सासूबाईंसोबत, म्हणजे तिच्या आईसोबत, बसून राहिला.

आत जाऊ. दोनला सिस्टरची पाळी बदलली आणि नव्या सिस्टरने ‘नातेवाईक बाहेर’ म्हणून फर्मान काढलं. जाऊ वाद घालायला गेली नाही. “सिस्टर, मॅडमनी फाइलवर लिहिलंय, बघता का? मी या कोपऱ्यात उभी राहते, तुमच्या मध्ये नाही येणार.” सिस्टरने फाइल पाहिली, काही बोलली नाही. तासाभराने तिनेच जावेला स्टूल सरकवून दिलं.

सगळंच जमलं असं नाही. जाऊ कळा मोठ्याने मोजायची, त्याने ती वैतागली आणि ‘वहिनी, गप्प बसा!’ असं ओरडली. जाऊ गप्प बसली, पाठ दाबत राहिली. पाचच्या पुढे शेजारची बाई बाळंत होऊन वॉर्डात गेली आणि नवरा आत आला. सहा सेंटिमीटरवर गाडी अडली. डॉक्टरांनी कळा वाढवायला ड्रिप लावायचं सुचवलं. त्याने ते दोन प्रश्न विचारले. बाळाचे ठोके चांगले आहेत, थोडं थांबता येईल, पण पाणी जाऊन बराच वेळ झालाय, असं उत्तर आलं. तिने अर्धा तास चालून बघितलं, मग ड्रिपला हो म्हणाली. ड्रिपनंतरच्या कळा जबर होत्या. नऊच्या सुमारास नवऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दुपारपासून त्याने काही खाल्लं नव्हतं, आणि डब्याचा विचार यादीत फक्त बाळंतिणीसाठी झालेला. सिस्टरने त्याला बाहेर बसवलं, जाऊ परत आत गेली. दहा चाळीसला मुलगी झाली, २.९ किलो, नॉर्मल, थोडे टाके. त्या क्षणी बाप पॅसेजमध्ये पारले-जी खात होता. याचं त्याला अजून वाईट वाटतं, तिला नाही.

बाळ पहिल्या तासातच छातीशी गेलं. टाके होईपर्यंत बाळाला धरायला सिस्टरने आईला आत बोलावलं. घरून व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्याच, “अरे, मधाचं बोट तरी...” मुलगा म्हणाला, “आई, आपलं ठरलंय.” विहीणबाई बाळाकडे बघत राहिल्या, त्यांना काही बोलावं लागलं नाही.

दीड महिन्याने सगळ्यांशी बोलले. तिच्या मते जाऊ नसती तर ड्रिपनंतर तिने सिझर मागितलं असतं. हे खरं की नाही ते सांगता येणार नाही, आणि मागितलं असतं तरी त्यात कमीपणा नव्हता. आईने एकच तक्रार केली: बाहेर तासन् तास बातमी कळत नव्हती. जावई गप्प, आतून कुणी येत नाही. आतल्याने दर दोन तासांनी बाहेर एक वाक्य पोचवायचं, हे मी आता सगळ्या जोडप्यांच्या कागदावर घालते.

जावेचं मात्र कुणी बोललं नव्हतं ते मीच काढलं. तिचा एक दिवस पूर्ण बुडाला, दुसऱ्या दिवशी पोळ्यांना हात उचलेना, महिन्याचे लावलेले दोन डबे तुटले. घरचं माणूस म्हणून हे कुणी मोजत नाही. मुंबई-ठाण्याकडे पैसे घेऊन सोबत करणाऱ्या डूला मिळतात, त्यांची फी लोक मुकाट देतात, आणि घरच्या बाईची मजुरी मात्र प्रेमात जमा होते. नवऱ्याने त्यानंतर पंधरा दिवस पहाटे वहिनीची भाजी मंडईतून आणून दिली. पैशाचं तिने ऐकूनच घेतलं नाही.

ऑक्टोबरात त्याच सोसायटीतल्या एका मुलीने जावेला सोबतीला याल का म्हणून विचारलं. जाऊ हो म्हणाली, पण आधी लेबर रूम स्वतः बघून येणार, आणि तारखेच्या आठवड्यात केंद्रावर दुसरी बाई लावायचे पैसे त्या मुलीच्या घरच्यांनी द्यायचे. त्यांनी कबूल केलं.